स्टोरेज, रॅम, क्लाउड, सिंक: ताई, आधी ट्रॅश उघडून बघा

पत्र: "माझ्या फोनवर सारखं 'स्टोरेज फुल' असं येत होतं. मुलगा म्हणाला कॅशे क्लिअर कर, भाची म्हणाली रॅम कमी असणार, मैत्रीण म्हणाली सगळं क्लाउडवर टाक आणि मोकळी हो. मी बघितलं तर फोटो क्लाउडवर दिसत होते, म्हणून फोनमधले डिलीट केले. तर क्लाउडवरचे पण गेले! मुलगा म्हणतो, आई ते नुसतं सिंक होतं, बॅकअप नव्हता. फरक काय विचारलं तर म्हणे सोड, तुला नाही कळणार. आता असं काही बोलणं निघालं की मी उठून आत जाते. कुकीज ॲक्सेप्ट करा, अपडेट करा, सगळ्याला न वाचता ओके करते. हे शब्द साध्या भाषेत कोणी सांगेल का? आणि इन्कॉग्निटोमध्ये बँकेचं काम केलं तर सेफ असतं ना?"

ताई, बाकीचं नंतर बोलू, आधी फोटोंचं बघा कारण त्याला मुदत असते. तुम्ही गूगल फोटोज वापरत असाल तर ते ॲप उघडून त्यात ट्रॅश किंवा बिन लिहिलेलं शोधा, 'कलेक्शन्स' किंवा 'लायब्ररी'च्या आत सापडेल. क्लाउडवर गेलेला फोटो डिलीट केला की तो लगेच नष्ट होत नाही, ६० दिवस तिथे पडून असतो, क्लाउडवर गेलाच नसेल तर ३० दिवस. आयफोन असेल तर फोटोज ॲपमध्ये 'रिसेंटली डिलीटेड' आहे, तिथे ३० दिवस तरी राहतात. फोटो निवडायचे आणि रिस्टोअर किंवा रिकव्हर दाबायचं, ते होते तिथे परत येतात. आणि फोन भरलाय म्हणून कोणी 'ट्रॅश पण रिकामा करून टाक' म्हणालं तर कृपा करून ऐकू नका, तिथून गेलेला फोटो तुम्हाला परत काढता येणार नाही.

आता ते 'तुला नाही कळणार'. मला हे वाक्य ऐकलं की फार वाईट वाटतं, कारण तुम्ही जे केलंत ते विचार करूनच केलंत, फोटो दुसरीकडे आहेत याची खात्री केली आणि मग इथले काढले, कोणीही शहाणं माणूस तेच करेल. तुम्हाला फक्त कोणी सांगितलं नव्हतं की त्या दोन जागा एकमेकींना बांधलेल्या आहेत. बहुतेक सगळ्या अवघड शब्दांचं असंच आहे. ते शेकड्याने आहेत असं वाटतं पण त्यांच्या मागे प्रश्न तीनच असतात: माझी गोष्ट आत्ता कुठे ठेवलेली आहे, ती इथून तिथे कशी जाते, आणि ती कोण बघू शकतं. नवीन शब्द कानावर आला की तो यातल्या कुठल्या प्रश्नाबद्दल आहे एवढं विचारायचं, अर्धं काम तिथेच होतं. मुलालाही हाच प्रश्न विचारा, "म्हणजे ते फोटो आत्ता नेमके कुठे आहेत?", याचं उत्तर त्याला द्यावंच लागेल.

ठेवण्यापासून सुरू करते. फोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात, समजा ८ जीबी आणि १२८ जीबी. मोठा आकडा स्टोरेजचा. फोटो, व्हिडिओ, ॲप, डाउनलोड केलेल्या फायली सगळं तिथे असतं आणि फोन बंद केला, बॅटरी संपली तरी जागच्या जागी राहतं. छोटा आकडा रॅमचा. आत्ता या क्षणी जे चालू आहे तेवढंच रॅममध्ये असतं आणि वीज गेली की रॅम पूर्ण कोरी होते. कॉम्प्युटरवर तुम्ही पानभर टाइप केलंत, सेव्ह केलं नाहीत आणि लाइट गेली, तर जे गेलं ते रॅममध्ये होतं, आणि सेव्ह दाबलं असतंत तर ते स्टोरेजमध्ये उतरलं असतं. सेव्ह म्हणजे एवढंच. फोनवर पण हे दिसतं बघा, एखादा फॉर्म अर्धा भरून तुम्ही कॅमेरा उघडता, मग दोनचार ॲप, परत येता तर फॉर्म कोरा. रॅम अपुरी पडली म्हणून फोनने ते पान सोडून दिलं आणि आता ते पहिल्यापासून उघडलं. तर भाचीला सांगा की रॅम कमी असली की फोन अडखळतो, ॲप सारखी नव्याने उघडतात, पण 'स्टोरेज फुल' हा मेसेज रॅमचा नाही. फोटो डिलीट करून रॅम वाढत नाही आणि जास्त रॅमचा फोन घेऊन फोटोंना जागा होत नाही. हल्ली जाहिरातीत ८ अधिक ८ जीबी रॅम असं लिहिलेलं असतं, त्यातले दुसरे ८ बहुतेक वेळा स्टोरेजचाच तुकडा रॅमच्या मदतीला दिलेला असतो, खऱ्या रॅमपेक्षा तो बराच हळू चालतो, त्यामुळे तुलना करताना पहिला आकडाच बघा.

जीबीवरून अजून एक, कारण इथे लोक उगाच स्वतःला दोष देतात. फाइलची साइज बाइटमध्ये मोजतात आणि इंटरनेटचा स्पीड बिटमध्ये, आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणून १०० एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचं, कनेक्शन म्हणजे सेकंदाला १०० एमबी (मेगाबाइट) नाही, साडेबारा एमबी. १ जीबीचा व्हिडिओ यायला सगळं अगदी सुरळीत असलं तरी ८० सेकंद लागणार, १० नाही. तसंच १ टीबीची हार्ड डिस्क विंडोजला जोडली की ती ९३१ जीबी दाखवते. डिस्कमध्ये खोट नाही, बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं.

आता कॅशे. एखादं ॲप किंवा वेबसाइट तेच तेच चित्र दरवेळी लांबून मागवण्यापेक्षा त्याची एक प्रत तुमच्या फोनमध्ये ठेवून देतं, पुढच्या वेळी पटकन दाखवायला. ही प्रत पुसली तर नुकसान काही नाही, गरज पडली की ते परत मागवतं, पहिल्यांदा जरा वेळ लागतो इतकंच. म्हणून मुलाचं म्हणणं बरोबर होतं, पण त्याने एक गोष्ट सांगायला हवी होती. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये एखाद्या ॲपच्या स्टोरेजवर गेलात की दोन बटणं शेजारी शेजारी असतात, एक 'क्लिअर कॅशे' आणि दुसरं 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज'. दुसरं दाबलं की ॲप काल बसवल्यासारखं कोरं होतं, तुम्ही लॉग आउट होता, आत जे फक्त फोनमध्ये साठवलेलं होतं ते जातं. व्हॉट्सॲपच्या बाबतीत हे दाबलं आणि चॅटचा बॅकअप नसेल तर सगळी चॅट गेली म्हणून समजा. दोन इतकी वेगळी बटणं इतकी जवळ ठेवायला नको होती असं माझं ठाम मत आहे. आयफोनवर तशी सरसकट कॅशे पुसायची सोय नाही, तिथे 'ऑफलोड ॲप' आणि 'डिलीट ॲप' असतं, ऑफलोड केलं की ॲप निघतं पण आतला तुमचा मजकूर राहतो, डिलीट केलं की दोन्ही जातं.

आता तुमचं मुख्य दुखणं, क्लाउड. क्लाउड म्हणजे कंपनीचे कॉम्प्युटर, मोठमोठ्या इमारतींमध्ये हजारोंनी रचलेले, चोवीस तास चालू, इंटरनेटने जोडलेले. त्यांनाच सर्व्हर म्हणतात. तुमचा फोटो 'क्लाउडवर गेला' म्हणजे त्याची एक प्रत त्यातल्या कुठल्यातरी सर्व्हरवर गेली. इथवर सोपं आहे. घोळ होतो तो त्या प्रतीचं आणि तुमच्या फोनमधल्या फोटोचं नातं काय यावरून.

सिंक असतं तेव्हा दोन्ही जागा कायम सारख्या ठेवल्या जातात. इथे नवीन फोटो आला की तिथे जातो, इथे कापला की तिथे कापलेला दिसतो आणि इथे डिलीट केला की तिथूनही जातो. सिंकचं कामच ते आहे, ते बिघडलं नव्हतं. बॅकअप म्हणजे एक अशी प्रत जी तुमच्या आजच्या उलाढालीपासून लांब आहे, तुम्ही इथे काहीही केलंत तरी ती आहे तशीच राहते. गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की गूगल फोटोजमध्ये ज्या सेटिंगला बॅकअप म्हटलेलं आहे ती डिलीट करण्याच्या बाबतीत सिंकसारखी वागते. त्या ॲपमध्ये फोटो डिलीट केला की क्लाउडवरूनही जातो, त्याच अकाउंटच्या बाकी फोनमधूनही जातो. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर आयफोनवरही तसंच. म्हणजे तुम्ही फसलात ते स्क्रीनवरचा शब्द खरा मानून, त्यात तुमचं काही चुकलं नाही.

मग फोनमधली जागा मोकळी करायची कशी? त्यासाठी वेगळं बटण आहे. गूगल फोटोजमध्ये उजवीकडे वर तुमच्या फोटोच्या गोलावर टॅप केलं की 'फ्री अप स्पेस' दिसतं, ते फक्त अशाच फोटोंच्या फोनमधल्या प्रती काढतं ज्यांची प्रत क्लाउडवर पोचलेली आहे, आणि क्लाउडची प्रत तशीच ठेवतं. आयफोनमध्ये 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' आहे, ते मोठे मूळ फोटो आयक्लाउडवर ठेवून फोनमध्ये छोट्या प्रती ठेवतं. डिलीटच्या बटणाला हात न लावता हे करायचं.

पण मैत्रिणीचं 'सगळं क्लाउडवर टाक' हेही अर्धवटच. गूगलच्या अकाउंटला फुकट १५ जीबी मिळतात आणि ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिघांत मिळून आहेत. पूर्वी हाय क्वालिटी ठेवलेले फोटो यात धरत नव्हते, १ जून २०२१ नंतर अपलोड झालेले मात्र धरतात. ते भरले की नुसते फोटो थांबत नाहीत, मेल येणं-जाणंही बंद होतं, आणि कोणी महत्त्वाचं पाठवलेलं परत गेलं तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. आयक्लाउडला फुकट ५ जीबीच आहेत. म्हणून ज्या फोटोंसाठी जीव तुटेल ते एखाद्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, कॉपी झाल्यावर त्यातले चारपाच फोटो तिथूनच उघडून बघा, मग डिस्क काढून बाजूला ठेवा. कायम जोडून ठेवू नका, कॉम्प्युटरमध्ये काही घुसलं तर जोडलेली डिस्कही बाधते. जाणकार लोक तीन-दोन-एक म्हणतात, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. त्या खास फोटोंची फोनमधली प्रत काढली नाहीत तर फोन, डिस्क आणि क्लाउड धरून तुमचं हे सहज होतं.

जाण्यायेण्याचे शब्द भराभर उरकते. वायफाय म्हणजे तुमच्या फोनपासून राउटरच्या डब्यापर्यंतचा बिनतारी टप्पा, इंटरनेट त्या डब्याच्या पलीकडे सुरू होतं. म्हणून वायफायच्या काड्या पूर्ण असूनही 'नो इंटरनेट' येऊ शकतं, तेव्हा फोनमध्ये खटपट न करता राउटर किंवा कंपनीची लाइन बघायची. ब्राउझर म्हणजे पानं उघडणारं ॲप, क्रोम, सफारी, फायरफॉक्स, एज. गूगल हे सर्च इंजिन, पानं शोधून देणारं, ते कुठल्याही ब्राउझरमध्ये चालतं. वेब आणि इंटरनेट पण एक नाही, टिम बर्नर्स ली यांनी वेबचा प्रस्ताव सर्न या संस्थेत १९८९ साली मांडला तेव्हा इंटरनेट आधीपासून चालू होतं. वेब म्हणजे लिंकने जोडलेली पानं, आणि ती ज्या जाळ्यावरून येतात ते इंटरनेट, त्याच जाळ्यावरून मेल आणि व्हिडिओ कॉलही जातात. 'सर्व्हर डाउन आहे' असं कोणी म्हणालं तर त्यांच्या बाजूचा कॉम्प्युटर उत्तर देत नाहीये, तुमच्या फोनचा त्यात दोष नाही, थोड्या वेळाने बघा.

कोण बघतंय हा तिसरा प्रश्न मात्र सावकाश घ्यायला हवा, कारण इथे न वाचता ओके केलेलं महागात पडतं.

वेबसाइटला स्वतःहून काही आठवत नाही. तुम्ही एक पान उघडलं, मग दुसरं, तर तिच्या दृष्टीने दोन अनोळखी माणसं आली. म्हणून ती तुमच्या ब्राउझरजवळ एक छोटासा मजकूर ठेवायला देते, बहुतेक एक लांबलचक नंबर, आणि पुढच्या वेळी ब्राउझर तो दाखवतो. हीच कुकी, १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू मोंटुली यांनी ही युक्ती काढली. यामुळेच तुम्ही लॉग इन राहता, खरेदीच्या यादीत टाकलेली वस्तू पान बदललं तरी राहते. ही कुकी चांगली. तापदायक असते ती थर्ड पार्टी कुकी: एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा शंभर साइटवर बसवलेला असतो, त्या सगळ्या ठिकाणी तोच नंबर दिसला की त्या कंपनीला कळतं तुम्ही कुठे कुठे फिरलात, आणि बुटांची एक जोडी बघितली की आठवडाभर बूट मागे लागतात. ॲक्सेप्टच्या चौकटी मुख्यतः युरोपच्या प्रायव्हसी नियमांमुळे आल्या. 'रिजेक्ट ऑल' असेल तर निर्धास्त दाबा, साइट चालायला लागणाऱ्या कुकी तरीही राहतात, जाहिरातीवाल्यांच्या जातात.

एचटीटीपीएस आणि एन्क्रिप्शन. एन्क्रिप्शन म्हणजे मजकूर असा गुंतवणं की चावी असलेल्यालाच तो वाचता येईल. पत्ता एचटीटीपीएसने सुरू होत असेल तर तुमच्यापासून त्या साइटपर्यंत मधल्या कोणाला मजकूर वाचता येत नाही. पण पाकीट नीट चिकटवलेलं आहे म्हणून आत लिहिणारा प्रामाणिक ठरत नाही ना, तसंच इथे. ठग लोकही आपल्या खोट्या साइटला एचटीटीपीएस लावतात आणि लावायला काही अवघड नाही. पूर्वी पत्त्याशेजारी कुलूप दिसायचं, लोक कुलूप बघून विश्वास ठेवायचे, म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच काढून टाकलं. तेव्हा पत्त्यातलं नाव अक्षर न अक्षर वाचा, तपासायचं ते नाव. एंड टू एंड एन्क्रिप्शन म्हणजे चावी फक्त बोलणाऱ्या दोन टोकांकडे, मधल्या कंपनीकडेही नाही, व्हॉट्सॲपचे मेसेज असे जातात. आणि ओटीपी म्हणजे पासवर्डनंतरचं दुसरं दार, पासवर्ड चोराला मिळाला तरी फोन तुमच्या हातात आहे. त्यामुळेच तो काढून घ्यायला फोन येतात, बँकेचा खरा माणूस ओटीपी मागत नाही, कितीही गोड बोलला तरी.

अपडेटला मात्र ओके करत राहा, ती तुमची सवय चांगली आहे. प्रोग्राममध्ये राहिलेल्या फटी बुजवायला अपडेट असतं. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक फट मार्च २०१७ मध्ये बुजवली होती, १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे फायली गुंतवून सोडवायला पैसे मागणारा प्रोग्राम, त्याच फटीतून जगभर पसरलं आणि ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांना पेशंट परत पाठवावे लागले. ज्या कॉम्प्युटरवर ते अपडेट बसलं होतं त्यांच्यात त्या फटीतून त्याला शिरता आलं नाही. फक्त अपडेट फोनच्या सेटिंगमधून किंवा ॲप स्टोअरमधून करायचं. एखादं पान उघडल्यावर 'तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस सापडले, लगेच अपडेट करा' असं उसळून आलं तर ते पान बंद करा, वेबपानाला तुमचा फोन असा तपासता येत नाही.

राहिलं इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची वेगळी खासगी खिडकी. त्या खिडकीत केलेलं काम बंद केल्यावर तुमच्या ब्राउझरच्या हिस्टरीत राहत नाही, तिथल्या कुकी पुसल्या जातात, बस. ज्या साइटवर गेलात तिला तुम्ही दिसता, ऑफिसचं नेटवर्क असेल तर ऑफिसला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते दिसू शकतं, इंटरनेट देणाऱ्या कंपनीलाही, क्रोमच्या त्या काळ्या पानावर हे लिहिलेलंही असतं. बँकेच्या कामाला त्याने जास्तीचं संरक्षण मिळत नाही, बँकेच्या साइटचं एचटीटीपीएस साध्या खिडकीतही तितकंच काम करतं. आपल्या फोनवर बँकेचं अधिकृत ॲप वापरा, नाहीतर पत्ता स्वतः टाइप करा, मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका. आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर बँक उघडूच नका, इन्कॉग्निटोमध्येही नाही, त्यावर कोणी टाइप केलेली अक्षरं टिपणारा प्रोग्राम बसवलेला असेल तर ती खिडकी त्याला अडवत नाही. अगदीच नाइलाजाने उघडलीत तर काम झाल्या झाल्या लॉग आउट करा आणि त्याच दिवशी आपल्या फोनवरून पासवर्ड बदलून टाका.